शिवबाईचा पट्टा

शिवबाई अडीच वर्षांची होती आणि घरात तिला कोणी रागावत नसे.

त्याला कारण होतं. तिच्या जन्माच्या आदल्या वर्षी तिच्या आजोबांची आई वारली. तिचं नाव शिवबाई. माळशिरस तालुक्यातल्या कोरड्या माळावर वस्ती, आणि सगळा जन्म मेंढरांच्या मागं गेलेला. पुढं ही पोर झाली ती डाव्या कानाच्या पाळीवर तीळ घेऊन. पणजीच्या कानावरही तिथंच तीळ होता. ज्ञानबानं, म्हणजे आजोबांनी, तो पाहिला, डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि "आई आली" एवढंच म्हणाला. जन्मदाखल्यावर मुलीचं नाव शिवन्या लागलं. दाखला कपाटात गेला आणि घरात शिवबाई उरली.

सत्तरीला टेकलेला ज्ञानबा वस्तीवर राहायचा, पण भेट झाली की अडीच वर्षांच्या नातीला "आये" म्हणायचा. तिच्याआधी घास घ्यायचा नाही. तिच्यावर कोणी आवाज चढवला, तर काही न बोलता चपला पायात घालून बाहेर जाऊन बसायचा. आईला कोण रागावतं?

या गोष्टीचं सगळ्यांना कौतुक होतं. गाडीतली सीट घरात आली आणि कौतुकाचा प्रश्न झाला.

सीट आणली बिरुदेवानं, म्हणजे शिवबाईच्या वडिलांनी. सोलापुरात सात रस्त्यावर वाहन विम्याच्या कचेरीत तो कामाला होता. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघणं हा त्याचा रोजचा धंदा, त्याचं त्याला काही वाटेनासं झालं होतं. एका दिवशी मात्र तो घरी येऊन जेवला नाही. बायकोनं विचारलं तर एवढंच सांगितलं, की पोर आईच्या मांडीवर होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं लहान मुलांची सीट मागवली आणि घरात नियम केला: सीट नाही तर गाडी नाही.

खोकं उघडलं तेव्हा शिवबाई खूश झाली. सीट दिवाणखान्यात ठेवली, तीत बसून ती जेवली, तीत बसून तिनं टीव्ही पाहिला. आजीनं लोकरीचं एक कोकरू करून दिलं होतं, त्यालाही तिनं तीत झोपवलं. तिच्या आईला, ऋतुजाला, वाटलं, चला, सुटलो. तीच सीट दुसऱ्या दिवशी गाडीत मागच्या बाजूला डावीकडं बसवली आणि शिवबाईनं अंगाची कमान केली. टाचा आणि डोकं सीटला टेकलेलं, मधलं सगळं अंग हवेत. पट्टे खांद्यावरून घेतले की ती हात आत ओढून घ्यायची. पाच टोकांचे पट्टे लाल बटणाच्या बकलात अडकवायचे होते. एक अडकवला की दुसरा सुटलेला असायचा.

ऋतुजा जनावरांची डॉक्टर. लाथा झाडणाऱ्या म्हशी तिनं खोड्यात घेतल्या होत्या, अडलेल्या शेळ्या सोडवल्या होत्या. या एका जीवापुढं तिनं हात टेकले. राजगिऱ्याचा लाडू देऊन झाला. शिवबाईनं लाडू खाल्ला आणि मग कमान केली. मोबाईलवर चित्रं लावून झाली. पोलीस येईल म्हणून सांगून झालं. शिवबाईनं पोलिसाची वाट बघितली. शेवटी लहान मुलांच्या डॉक्टरीण बाईंना विचारलं. त्या हसल्या. या वयात पोराला नुकतंच कळलेलं असतं की आपण म्हणजे वेगळं माणूस, आपलं 'नको' वेगळं, आणि ते दिवसातून दहादा वापरून बघावंसं वाटतं. भांडू नका, म्हणाल्या, पण बांधल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि एक लक्षात ठेवा, रडते म्हणून वाटेत एकदा जरी बाहेर काढलंत, तर पुढं शंभरदा रडून बघेल.

ऋतुजानं ते पाळलं. गाडी उभी ठेवून ती बसून राहायची, मासिक वाचायची, शिवबाईचं रडं संपायची वाट बघायची. हळूहळू रडं आखूड झालं. मग नुसता हुंदका उरला. असंच चाललं असतं तर निभावलं असतं. पण ज्ञानबाच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला आणि शस्त्रक्रियेसाठी तो आणि त्याची बायको फुलाबाई सोलापूरला मुक्कामाला आले.

ज्ञानबाला टीव्हीचा रिमोट कधी जमला नाही. लाल बटण मात्र पहिल्याच खेपेला जमलं.

शस्त्रक्रिया झाल्यावर डोळा दाखवून परत येताना फुलाबाईला नव्या पेठेत लुगडं बघायचं होतं. ऋतुजा गाडी चालवत होती, बिरुदेव कचेरीत होता. पेठेच्या तोंडाशी गाडी गर्दीत अडकली. पुढं रिक्षा, बाजूला कापडाचे गठ्ठे वाहणारी हातगाडी, मागं आणखी रिक्षा. गाडी थांबल्याबरोबर शिवबाईनं सूर लावला. ऋतुजानं आरशात बघितलं तर काळा चष्मा लावलेला ज्ञानबा वाकला होता, आणि पुढच्या क्षणी शिवबाई त्याच्या मांडीवर उभी राहून खिडकीतून कापडाची दुकानं बघत होती.

"मामा, तिला परत बसवा," ऋतुजा म्हणाली.

"आई नको म्हणती."

"मग गाडी हलणार नाही."

आणि तिनं गाडी बंद केली. मागं हॉर्न सुरू झाले. शेजारच्या रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून दखनी हिंदीत विचारलं, गाडी बंद पडली का? फुलाबाईनं काच खाली केली. "गाडी न्हाय रं बाबा," ती म्हणाली, "माणसं बंद पडल्याती."

ज्ञानबानं चपला पायात घातल्या. दार उघडून उतरला, नातीला खांद्यावर घेतलं आणि त्याच रिक्षात बसून निघून गेला. जाताना शिवबाईनं आईला हात हलवून टाटा केला.

त्या दिवसापासून महिनाभराचं सगळं पाण्यात गेलं. शिवबाईला एक नवी गोष्ट कळली होती: पट्टा लावणं मम्मीच्या हातात असलं, तरी काढणं आबाच्या हातात असतं. सीट दिसली की ती आधी आबाला शोधायची, मग रडायची.

एरवी यावरून एवढं काही बिघडलं नसतं. पण त्याच आठवड्यात ऋतुजाच्या नेमणुकीचं पत्र आलं. सरकारी नोकरीसाठी ती कितीतरी वर्षं परीक्षा देत होती. नेमणूक मिळाली मोहोळच्या पुढं, आडरस्त्यावरच्या एका गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात. दवाखान्याला लागूनच अंगणवाडी होती आणि तिथल्या ताई शिवबाईला बसवून घ्यायला तयार होत्या. सकाळी दोघींनी जायचं, संध्याकाळी दोघींनी यायचं. एसटीनं जायचं तर दोनदा बदलावी लागे आणि शेवटी पायी चालावं लागे. म्हणजे गाडीच. आणि गाडी म्हणजे सीट.

रात्रीच्या जेवणाला ज्ञानबानं विषय काढला. आवाजात कुठंही टोमणा नव्हता, आणि ऋतुजाला तेच जास्त लागलं.

"पोरी, तुला नोकरी लागली, लई चांगलं झालं," तो म्हणाला. "आईला आमच्याबरं दे. वस्तीवर ना गाडी, ना पट्टा. कोकरं हायती, शेळीचं दूध हाय. तू बी मोकळी, ती बी मोकळी."

बिरुदेव ताटात बघत म्हणाला, थोडे दिवस ठेवून बघायला काय हरकत आहे? ऋतुजानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. थोडे दिवस म्हणजे किती, हे तिला माहीत होतं. वस्तीवर ठेवलेली पोरं शाळेच्या वयाला परत येतात, आणि तोवर आईला 'वैनी' म्हणायला शिकलेली असतात.

ती म्हणाली, येत्या रविवारी सगळे मिळून माझ्या दवाखान्यावर जाऊ. जाताना आणि येताना शिवबाई सीटमध्ये बसली, तर ती माझ्याबरोबर राहील. नाही बसली, तर सोमवारी तुम्ही तिला घेऊन जा, मी काही बोलणार नाही.

"पण मामा, लाल बटणाला हात लावायचा नाही."

ज्ञानबानं विचार केला. "हात मांडीवर ठिवीन," तो म्हणाला. "पर आई नको म्हणली, तर तू बी जबरदस्ती करायची न्हाय."

ऋतुजा हो म्हणाली. भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की या अटीवर आपण हरणार. 'नको' हा शिवबाईचा सगळ्यात आवडता शब्द होता.

शनिवारी सीट धुवायला घरात आणली होती. ऋतुजा कोथिंबीर निवडत बसली होती आणि शिवबाईचा खेळ चालला होता. तिनं लोकरीचं कोकरू सीटमध्ये बसवलं, पट्टे त्याच्या अंगावर टाकले आणि बोट नाचवून म्हणाली, "बस. हलायचं न्हाय." मग आबाला सतरंजीवर बसवलं, त्याचा पटका त्याच्या पोटाभोवती गुंडाळला आणि त्यालाही तेच सांगितलं. ज्ञानबा गुडघे जवळ घेऊन, तोंडातली सुपारीही न हलवता बसला. बिरुदेवानं चहा आणला तर म्हणाला, खाली ठेव, मला हलायची परवानगी न्हाय. ऋतुजाला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. खेळात सगळं जमतं, तिनं मनात म्हटलं, आणि कोथिंबीर उचलून आत गेली.

रविवारी सकाळी सगळे खाली आले. बिरुदेव पुढं डावीकडं बसला. मागं उजव्या खिडकीशी ज्ञानबा, मध्ये फुलाबाई. ऋतुजानं शिवबाईला सीटमध्ये ठेवलं. शिवबाईनं कमान केली नाही. पट्टा हातात घेतल्याबरोबर ती शांतपणे म्हणाली, "नको."

ऋतुजानं पट्टा खाली सोडला. कबूल केलेलं होतं. ती गाडीच्या उघड्या दाराशी उकिडवी बसली आणि थांबली. बिरुदेवानं घड्याळ पाहिलं. ज्ञानबा दोन्ही हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होता, जिंकत असल्याचं वाईट वाटणाऱ्या माणसासारखा. फुलाबाईनं एकदा सुनेकडं बघितलं आणि पदर नीट केला.

"का नको गं?" ऋतुजानं विचारलं. त्यात काही युक्ती नव्हती, ती थकली होती इतकंच. पण आजवर हे शिवबाईला कुणी विचारलं नव्हतं. बस म्हणून सांगितलं होतं, लाडू दिला होता, पोलिसाचं भय घातलं होतं. का नको, हे विचारायचं सगळ्यांचं राहून गेलं होतं.

शिवबाईनं बोट उचललं. "आबा न्हाय."

"आबा आहेत की. ते बघ, बसलेत."

"आबा पट्टा न्हाय," शिवबाई म्हणाली. बोट सरकलं. "आजी पट्टा न्हाय." मग पुढच्या सीटकडं. "पप्पा पट्टा. मम्मी पट्टा." आणि शेवटी स्वतःच्या छातीवर. ती स्वतःला बाई म्हणायची. "बाई पट्टा."

ऋतुजा इतके दिवस समजत होती की पोरीला पट्टा आवडत नाही. पोरीचा प्रश्न वेगळाच होता. ती रोज मागं बसायची, तिच्या शेजारची माणसं मोकळी असायची, आणि बांधली जायची ती एकटी. तिनं हिशेब बरोबर घातला होता.

"मला कशाला गं पट्टा, आये?" ज्ञानबा हसून म्हणाला. "मी म्हातारा माणूस."

शिवबाईनं बोट नाचवलं. कोकराला नाचवलं होतं तसंच. "आबा, पट्टा लाव."

ज्ञानबाचं हसू तसंच तोंडावर राहिलं. त्यानं लेकाकडं बघितलं. लेक काचेतून समोर बघत होता. सुनेकडं बघितलं, ती त्याच्या खांद्यामागच्या पट्ट्याकडं बघत होती. मग फुलाबाईनं पदर तोंडाला लावला.

"घ्या," ती म्हणाली. "आता आईचा शब्द मोडा बघू."

ज्ञानबानं खांद्यामागून पट्टा ओढला. ओढला तर खरा, पण अडकवायचा कुठं? बकल नव्हतं. त्यानं बैठकीवर हात फिरवला, फुलाबाईला उठवून तिच्या खाली बघितलं. बकल दिसेना. तेव्हा बिरुदेवाचा चेहरा पडला.

गाडी जुनी घेतली होती. घेतल्यावर तिला नवी, मऊ, मरून रंगाची कव्हरं घातली. मागं बसलं की बकलं टोचतात अशी फुलाबाईची पहिल्याच दिवशी तक्रार होती, म्हणून ती आत दाबून वरून कव्हर ताणून बसवलं, आणि ते बिरुदेवानंच सांगून करून घेतलं होतं. पुढं मुलीची सीट आली तेव्हा डावीकडचं कव्हर कापून तेवढं एक बकल बाहेर काढलं. बाकीची दोन कव्हराखाली तशीच राहिली. बिरुदेव दिवसभर लोकांच्या गाड्या तपासायचा. स्वतःच्या गाडीच्या मागच्या बाजूला तो कधी बसलाच नव्हता.

तो वर गेला आणि कात्री घेऊन आला. मागच्या दारातून गुडघ्यावर आत शिरून कव्हर कापू लागला.

"विमावाले साहेब, नीट कापा," ऋतुजा हळूच म्हणाली.

कव्हराखालून आधी शेंगदाणे निघाले, मग केसाची एक पिन, मग शिवबाईचा हरवलेला मोजा. शेवटी बकलं निघाली. शिवबाईनं मोजा मागून घेतला आणि हातात घातला.

ज्ञानबाला पट्टा लावला. पांढऱ्या सदऱ्यावरून काळा पट्टा आडवा गेला. शिवबाईनं मान वाकडी करून कान दिला. टक् झालं, तशी तिनं मान सरळ केली. मग आजीचा. फुलाबाईच्या कमरेवरून पट्टा गेला तशी ती लाजून म्हणाली, लग्नात एवढा रुंद कमरपट्टा घातला नव्हता. पुन्हा टक्.

"बाई लावनार," शिवबाई म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी पट्ट्याची लोखंडी जीभ धरली आणि बकलावर आपटली. जीभ आडवी गेली. पुन्हा आपटली, उलटी गेली. स्वतःची जीभ बाहेर काढून ती जोर लावत होती, नाकावर घाम आला होता. बिरुदेवानं मदतीला हात पुढं केला. ऋतुजानं नुसतं त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं तो मागं घेतला. तिलाही हात आवरत नव्हते. शेवटी तिनं फक्त खालून बकल घट्ट धरलं, हलू नये म्हणून. शिवबाईनं जोर केला.

टक्.

शिवबाईनं सगळ्यांकडं बघितलं. उरलेला पट्टा ऋतुजाला लावू दिला, तो तिच्या लेखी किरकोळ होता.

"चला," ती म्हणाली.

सोलापूरच्या शिवेवरचं बाळे गाव मागं पडलं, महामार्ग लागला. शिवबाई हातातला मोजा उडवत होती. ट्रक दिसला की ट्रक म्हणत होती. मोहोळपर्यंत कोणाला काही बोलायची गरज पडली नाही, आणि ऋतुजा मुद्दाम आरशात बघत नव्हती. उकळतं दूध बघत उभं राहिलं की उतू जातं, तसं काहीतरी तिला वाटत होतं.

आडरस्ता लागला आणि खड्डे सुरू झाले. मोजा खाली पडला. कोणाच्याही हाताला तो लागेना. शिवबाईनं ओठ काढला, मग सूर लावला, आणि थोड्या वेळानं तो नव्या पेठेतला जुना, पक्का सूर झाला. दोन्ही हात तिनं उजवीकडं पसरले.

"आबा, काढ. आबा, काढ."

आता ऋतुजानं आरशात बघितलं. ज्ञानबा विचार करायच्या आत पुढं झेपावला होता. पट्टा खटकन ताठ झाला आणि त्यानं म्हाताऱ्याला होता तिथं परत बसवलं. हात फुलाबाईच्या पुढ्यात अर्ध्यावर राहिला. ज्ञानबानं छातीवरच्या पट्ट्याकडं बघितलं. त्याच्या स्वतःच्या बकलाचं लाल बटण त्याच्या मांडीशीच होतं, आणि लाल बटण त्याला येत होतं. ऋतुजानं गाडीचा वेग कमी केला. शब्द त्यानं दिला होता, पाळायचा की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं होतं.

ज्ञानबानं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

"आये," तो म्हणाला, "मला बी बांधलंय. तूच बांधलंस की."

शिवबाईचा सूर अडखळला. आबाला काही करता येत नाही, ही गोष्ट तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. ती त्याच्या पट्ट्याकडं बघत राहिली.

ज्ञानबाही बघत होता. मग तो सावकाश, जणू स्वतःलाच सांगितल्यासारखा म्हणाला, "तवा बी तूच बांधलं हुतंस."

फुलाबाईनं विचारलं, कवा?

तेव्हा त्यानं सांगितलं. पावसाळा सरला की कळप घेऊन पश्चिमेला जायचं, घाट उतरून. पुढं मेंढरं, मागं घोडं. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार: घोंगडी, भांडी, कोंबड्यांची पाटी. त्या सगळ्यावर चालता न येणारी कोकरं आणि त्यांच्या मधोमध ज्ञानबा. लोकरीच्या दोरीनं कमरेला बांधलेला. तेव्हा तो शिवबाईएवढाच असेल. घाटात घोडं डुलायचं आणि तो बोंब ठोकायचा, सोड म्हणून. आई घोड्याची दोरी धरून पुढं चालायची. मागं वळून बघायची, पण सोडायची नाही. खाली पोचल्यावर पहिलं काम ते करायची, दोरी सोडायची आणि पोटावर वळ उठलाय का ते अंगठ्यानं चाचपायची.

"रडला तरी सोडायच्या नाहीत?" बिरुदेवानं विचारलं.

"न्हाय." ज्ञानबानं चष्मा काढून पुसला. "बाया म्हणायच्या, अगं सोड की, किती रडतंय. तर म्हणायची, रडू द्या. रडणारं पोर खाली पोचतंय."

"इतक्या वर्सांत कधी सांगितलं न्हाईसा," फुलाबाई म्हणाली.

"आता आठवलं."

त्यानं पुन्हा पट्ट्यावरून हात फिरवला, यावेळी जरा वेगळ्या तऱ्हेनं. ऋतुजानं आरसा सोडून रस्त्याकडं लक्ष दिलं. रस्ता तिला थोडा धूसर दिसत होता.

शिवबाईचं रडं कधी थांबलं, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. तिला आता महत्त्वाची माहिती हवी होती.

"कोकरू पट्टा?"

"व्हय आये, कोकराला बी दोरी."

"कोंबडी पट्टा?"

"कोंबडी पाटीत. वरून फडकं बांधल्यालं."

"घोडा पट्टा?"

यावर ज्ञानबाला विचार करावा लागला. घोड्याच्या पोटाखालून खोगिराचा पट्टा जायचा, तो त्यानं तपशीलवार समजावून सांगितला. सांगून होईपर्यंत शिवबाईची मान कलली होती. घोडा बांधलाय म्हटल्यावर ती निर्धास्त झोपली.

दवाखाना रविवारचा बंद होता. दारात लिंबाचं झाड, झाडाला बांधलेली दोन करडं, शेजारी अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेला मोर. बिरुदेव उतरला. फुलाबाई पट्टा सोडवून, नवऱ्याचे गुडघे ओलांडत उतरली. ज्ञानबा बसून राहिला.

"उतरा की," फुलाबाई म्हणाली.

"आई उठली की उतरतो. तिनं लावलाय, तीच काढंल."

ऋतुजा दवाखान्याभोवती एक फेरी मारून आली. कुलूप बघितलं, खोडा बघितला, मोराच्या पिसाऱ्यावरून हात फिरवला. परत आली तरी दोघं तसेच होते. लहान शिवबाई झोपलेली, आणि तिचा सत्तर वर्षांचा मुलगा ताठ बसून झाडावरचे कावळे बघत असलेला. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं, पण पोर उठेल म्हणून ती झाडाखाली जाऊन हसली.

येताना काही सांगावं लागलं नाही. शिवबाईनं आधी आबाचं टक् ऐकलं, मग आजीचं, मग पप्पाला मागं वळून दाखवायला लावलं, आणि मग स्वतःचा पट्टा हातात घेतला. यावेळी जीभ तिसऱ्या खेपेला बसली.

संध्याकाळी ज्ञानबा पिशवी भरताना बायकोला म्हणाला, पोरीचे कपडे काढून ठेव, आई हितंच ऱ्हाती म्हणती. शिवबाई असं काही म्हणाली नव्हती. ती त्या वेळी पाटावर बसून शेंगाची चटणी बोटानं चाटत होती. पण ऋतुजानं तो शब्द मोडला नाही.

सोमवारी सकाळी बिरुदेव आई-बापाला एसटीत बसवायला घेऊन गेला. ऋतुजा आणि शिवबाई दोघीच खाली आल्या. शिवबाई सीटमध्ये चढली आणि उजवीकडं बघून थांबली.

"आबा पट्टा."

ऋतुजानं सांगितलं, आबा गावाला गेले, जागा मोकळी आहे. शिवबाईनं ऐकून घेतलं.

"आबा पट्टा," ती म्हणाली.

ऋतुजा गाडीला वळसा घालून पलीकडं गेली आणि रिकाम्या जागेवरून पट्टा ओढून अडकवला. मग आजीचाही. दोनदा टक् झालं. शिवबाईनं मान हलवली आणि आपल्या कामाला लागली. बाळ्यापर्यंत ती थोडी रडली, पुढं ट्रक दिसायला लागले.

दवाखान्याच्या दारात गाडी लावतेय तोवर फोन आला. फुलाबाईचा आवाज होता, मागं एसटीचा खडखडाट. ती हसत होती आणि रागावलीही होती. म्हातारा एसटीत चढल्याबरोबर पट्टा शोधायला लागला. कंडक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, बाबा, दांडी धरा. यानं डोक्याचा पटका सोडला आणि पोटावरून घेऊन सीटच्या दांडीला बांधून घेतलं.

"समदी एसटी बघाय लागलीया," फुलाबाई म्हणाली. "मी म्हणतीया सोडा, तर म्हणत्यात आईला इचार. घे, तूच इचार बाई."

ऋतुजानं फोन मागं नेऊन शिवबाईच्या कानाला लावला. तिकडून ज्ञानबा काहीतरी सांगत होता. शिवबाईनं पट्ट्यात बसल्या बसल्या सगळं नीट ऐकून घेतलं. मग बोट नाचवलं.

"बस," ती म्हणाली. "हलायचं न्हाय."

आणि तिनं फोन परत केला.